चाकाचा अडलेला नट : जोर की जाणतेपणा?



पावसाळा सरतो, पाणंदी वाळतात आणि उसाच्या तोडीचे दिवस जवळ येतात, तेव्हा गोठ्यामागे चार महिने उभी असलेली ट्रॉली पुन्हा कामाला काढली जाते. ओढून पाहावे तो एखादे चाक डुगडुगते, नाही तर हबमधून किरकिर ऐकू येते. बेअरिंग पाहावयाचे तर चाकाच्या मध्यावरील झाकण काढून आसाच्या टोकाचा मोठा नट सोडविला पाहिजे. घरधनी पाना लावतो. नट हलत नाही. तो पान्यावर पाय देतो, पाना घसरतो. मग घरातून छिन्नी व घण बाहेर येतात, चार माणसे गोळा होतात आणि प्रत्येक जण आपापली ताकद आजमावू लागतो.

दर हंगामात गावोगाव घडणारा हा प्रसंग वरवर क्षुल्लक दिसतो. बियाणे, खते, पाणी आणि पीकसंरक्षण यांच्या पंक्तीला एका नटाची गोष्ट कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्या चाकावर वर्षाचे पीक घराबाहेर पडते, ते चाक शेतीबाहेरचे कसे म्हणावे? माझे मत स्पष्ट आहे. घरच्या वाहनाची साधी दुरुस्ती शेतकऱ्याने घरी अवश्य करावी. मात्र अडलेला नट हा अंगबळाने जिंकावयाचा शत्रू नव्हे. तो का अडला, हे शोधल्यावाचून त्यावर जोर करू नये. आणि ही रीत शिकविणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे. फवारणीची रीत शिकविणे हे जसे त्याचे काम, तसेच हेही.

हे मत मी पुस्तक वाचून बनविलेले नाही. त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आमच्या अंगणातील प्रसंग

काही वर्षांपूर्वी हंगाम ऐन भरात असताना आमच्या ट्रॉलीचे डावे चाक तापू लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे तोडकऱ्यांची टोळी आमच्या फडात यावयाची होती. मी सुटीवर घरी आलो होतो. इतरांना शास्त्रशुद्ध शेतीच्या गोष्टी सांगत हिंडणारा मी, परंतु त्या संध्याकाळी मलाही शास्त्र सुचले नाही. पाना दोनदा घसरला, नटाचे कोपरे झिजले, आणि थोरल्या बंधूंनी छिन्नी धरावी व मी घण घालावा असे ठरले. छिन्नी जुनी होती. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी तिचे डोके फुलून त्याच्या कडा बाहेर वळल्या होत्या. सातव्या की आठव्या ठोक्याला त्या कडेची एक कपची उडाली आणि बंधूंच्या उजव्या डोळ्यात शिरली.

पहाटे टोळी फडावर आली, तेव्हा आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात होतो. डोळा वाचला, नजर मात्र पहिल्यासारखी राहिली नाही. आजही वर्तमानपत्र वाचताना बंधू मान किंचित डावीकडे वळवितात. ते मला कधी काही बोलले नाहीत. परंतु घण माझ्या हातात होता, हे मी विसरू शकत नाही.

आठ दिवसांनी तालुक्याहून मेकॅनिक आला. त्याने हत्यार उचलण्याआधी एक चिंधी मागितली आणि नटावरील माती व वाळलेले ग्रीस पुसून काढले. तेव्हा दिसले ते असे : नट फिरू नये म्हणून आसाच्या आरपार घातलेली कॉटर पिन अजून आतच होती. तिची वाकविलेली टोके गंजून तुटली होती, म्हणून पिन निघालेली आहे अशी आमची समजूत झाली होती. मधला तुकडा नटाची खाच आणि आसाचे छिद्र यांत घट्ट बसलेला होता. त्याने बारीक पंच लावून हलक्या हाताने तो तुकडा बाहेर काढला, तेल सोडले, थोडा वेळ थांबला आणि लांब दांड्याने नट फिरविला. आम्ही रात्रभर नटाशी झगडलो. आम्हांला अडवीत होता तो करंगळीहून बारीक तारेचा तुकडा.

नट का अडतो?

ट्रॉलीच्या हबमधील नट मुळात फार जोराने आवळलेला नसतोच. त्या हबमध्ये निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे असतात. नटाने ती नुसती योग्य जागी धरून ठेवावयाची असतात, आणि नट जागेवरून ढळू नये म्हणून कॉटर पिन असते. तेव्हा असा नट हलेनासा झाला, तर तो काहीतरी सांगत आहे असे समजावे. एक तर पिन आत राहिली आहे; किंवा झाकण फुटून अथवा निसटून पाणी आत गेले आहे आणि आट्यांत गंज धरला आहे; किंवा बेअरिंग जळून त्याखालील वायसर नटाला चिकटला आहे; किंवा मागे कोणी छिन्नीने ठोकून आटे बिघडविले आहेत. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. यामुळे आट्यांमधील बारीकशी फट तो भरून काढतो आणि दोन धातू एकजीव झाल्यासारखे वाटू लागतात.

दूध किंवा भाजी बाजारात नेण्यासाठी घेतलेल्या छोट्या मोटारीची गोष्ट वेगळी आहे. जिची पुढची चाके इंजिनाच्या जोराने फिरतात, अशा मोटारीच्या आसाचा नट कारखान्यातच अतिशय घट्ट आवळलेला असतो. त्याचा जोर मोटारीच्या नमुन्याप्रमाणे बदलतो. बहुधा तो 150 ते 300 न्यूटन-मीटर या टप्प्यात असतो. तेथे नट घट्ट असणे हा दोष नव्हे. तीच त्याची रीत आहे. अशा पुष्कळ मोटारींत पिन नसते. नटाची पातळ कड आसाच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. ती कड बारीक छिन्नीने किंवा पंचाने वर उचलल्याखेरीज नट फिरविला, तर आसाचे आटे ओरबाडले जातात.

तिसरी गोष्ट दिशेची. बहुतेक नट डावीकडे फिरविले म्हणजे सुटतात. परंतु काही वाहनांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस नट सोडवीत नसून तो अधिकच आवळीत असतो. ओळख सोपी आहे. आसाचे टोक वर आहे अशी कल्पना करून नटाबाहेर दिसणारे आटे पाहावेत. समोरच्या बाजूने ते डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर आटे नेहमीचे. उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे.

म्हणून पहिले हत्यार चिंधी आणि तारेचा ब्रश. पुसा, घासा, पाहा. पिन आहे का, कड दाबलेली आहे का, आटे कोणत्या दिशेचे आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पाना पेटीतच राहू द्यावा.

वाहन आधी, नट नंतर

नटाच्या नादात माणसे वाहनाला विसरतात, आणि अपघात होतो तो तेथेच. ट्रॉली प्रथम रिकामी करावी. ती कठीण व सपाट जमिनीवर उभी करावी. शेतातील भुसभुशीत मातीत हे काम करू नये. ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर ट्रॅक्टर बंद करून ब्रेक लावावा. सुटी असेल तर तिचा पुढील पाय नीट टेकलेला असावा. उरलेल्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत.

नटाची पहिली पकड चाक जमिनीवर असतानाच सोडवावी. चाक टेकलेले असले म्हणजे ते फिरत नाही आणि लांब दांड्याच्या ओढीने वाहन कलंडत नाही. जॅकवर उचललेल्या वाहनाला असा जोर देणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय. नट पाव फेरा ढिला झाला की थांबावे. मग वाहन उचलून त्याखाली भक्कम लोखंडी घोडी किंवा आडवे-उभे रचलेले जाड लाकडी ओंडके द्यावेत आणि पुढील काम करावे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे. तोलून धरण्याचे नव्हे. त्याचे तेल गळले तर तो न सांगता खाली बसतो. विटांचा आधार कधीही देऊ नये. वीट भार सोशीत आहे असे वाटत असतानाच एकाएकी फुटते.

मोटारीच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. आसाचा नट ढिला केल्यावर चाकांवर भार ठेवून ती ढकलू किंवा चालवू नये. तो नटच बेअरिंगचे भाग एकत्र दाबून धरीत असतो.

पाना मापाचा हवा

नट खराब होतो तो बहुधा पान्याच्या मापामुळे. आपल्या देशात 1956 साली वजन-मापांचा कायदा होऊन दशमान पद्धती आली. तथापि जुन्या जीपगाड्या, जुने ट्रॅक्टर आणि त्यांच्या सुट्या भागांतून घडविलेल्या ट्रॉल्या यांत इंची मापाचे नट अद्याप आढळतात. सव्वा इंची नट 31.75 मिलिमीटरचा असतो. त्याला 32 चा पाना चालून जातो. परंतु एक इंच व एक अष्टमांश या मापाचा नट साधारण 28.6 मिलिमीटरचा असतो. त्याला 30 चा पाना घातला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि जोर येताच कोपरे खाऊन टाकतो. पाना लावून हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर तो आपल्या नटाचा नव्हे.

उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू धरतो. बारा कोनांचा पाना कोपऱ्यांवर टेकतो. सहा कोनांचा गोटी पाना नटाच्या सहाही बाजूंना सपाट बसतो. म्हणून अडलेल्या नटासाठी तोच घ्यावा. त्याला लावावयाचा दांडा साधा व भरीव असावा. खटखट वाजणारा रॅचेट दांडा या कामासाठी नाही. त्याच्या आतील दाते तुटतात. पाइप पाना तर शेवटी, नट टाकूनच द्यावयाचा असे ठरल्यावर.

तेल आणि वेळ

गंज सोडविणारे तेल फवाऱ्याच्या डब्यांत मिळते. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून तेही वापरता येते. मात्र तेलाहून वेळ महत्त्वाची आहे. सायंकाळी आटे स्वच्छ करून तेल सोडावे, नटाच्या चारही अंगांवर हातोडीने हलके ठोके द्यावेत, पुन्हा तेल सोडावे आणि झोपावे. हलक्या ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात व तेलाला वाट मिळते. सकाळी नट सुटला तर आपण काय गमावले? एक रात्र. आमच्या घरी ती रात्र वाचविण्याच्या प्रयत्नात काय गेले, ते वर सांगितलेच आहे. ज्या चाकाला ब्रेक आहे, तेथे तेल ब्रेकच्या अस्तरावर जाऊ नये म्हणून चिंधी लावून घ्यावी.

जोर दांड्याच्या लांबीत असतो

रहाटावर किंवा पहारीने दगड उलथताना आपण सर्वांनी तरफेचा उपयोग पाहिला आहे. तोच नियम येथे लागू आहे. 40 सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर एका माणसाने 40 किलो भार दिला, तर नटावर 16 किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 157 न्यूटन-मीटर पीळ पडतो. त्याच दांड्यावर पोकळ पाइप चढवून लांबी 120 सेंटिमीटर केली, तर तोच माणूस तेवढ्याच भाराने 48 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे 471 न्यूटन-मीटर पीळ देऊ शकतो. तीन माणसांची ताकद एका पाइपात आली. मग दांड्यावर उड्या मारण्याचे कारण काय?

जोर हळूहळू व एकसारखा वाढवावा. दांडा शक्यतो वरून खाली दाबला जाईल असा लावावा. तोंडाकडे ओढू नये. दुसऱ्याने पाना आसाच्या रेषेत सरळ दाबून धरावा, म्हणजे तो तिरपा होऊन निसटणार नाही. दांडा वाकू लागला किंवा पाना चढू लागला तर थांबावे. नट सुटत असताना तो एकाएकी सुटतो; तेव्हा आपला हात कोठे जाऊन आपटेल, हे आधीच पाहून ठेवावे.

तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानात ठोके देऊन नट फिरविणारे यंत्र असते. हल्ली ते बॅटरीवर चालणारेही मिळते. त्याचे झपाट्याचे ठोके गंज सोडविण्यास फार उपयोगी पडतात. ते गावात आणता आले तर अवश्य आणावे. मात्र पिन आणि दाबलेली कड त्याच्याही आधी काढली पाहिजे. यंत्राला डोळे नसतात.

तापविणे आणि कापणे

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार ती कशी तापवीत असे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. तापलेली धाव फुगते, लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी पडताच आवळते. नटाचेही तसेच. आस थंड ठेवून केवळ नट तापविला तर नटाचे छिद्र किंचित मोठे होते आणि गंजाची पकड तुटते. अडलेल्या नटासाठी हा उपाय रामबाण आहे, परंतु तो धोक्याचाही आहे. हवा भरलेल्या टायरजवळ ज्योत नेल्यास टायर फुटून माणूस दगावू शकतो. म्हणून चाक काढून दूर ठेवल्याखेरीज ज्योत पेटवू नये. चाक काढल्यावर वाहन घोडीवर असते, तेव्हा तेथे मोठा जोर नको. नट हलका होईल एवढीच अपेक्षा ठेवावी. आदल्या रात्रीचे तेल पुसून काढावे, नाही तर ते पेट घेते. आतील ग्रीस वितळते, ऑइल सील जळते आणि बेअरिंगचे पोलाद नरम पडते. तेव्हा तापविलेल्या हबमधील सील व बेअरिंग बदलावयाचे, हे धरूनच चालावे. मोटारीच्या आसाला रबरी बूट असतो; तेथे हे काम घरी करूच नये, असे माझे मत आहे.

एवढ्यानेही नट सुटला नाही तर नटाचा मोह सोडावा. नट स्वस्त असतो, आस महाग असतो. ग्राइंडरने नटाच्या एका बाजूला आसाच्या समांतर रेषेत काप द्यावा, आट्यांपर्यंत पोचण्याच्या किंचित आधी थांबावे आणि छिन्नीने ती फट उकलावी. नट फुटतो, आटे वाचतात. येथे छिन्नीला तिचे खरे काम मिळते. मात्र तिचे डोके आधी कानशीने किंवा ग्राइंडरवर घासून फुललेल्या कडा काढून टाकलेल्या असाव्यात आणि धरणाऱ्या, मारणाऱ्या व पाहणाऱ्या सर्वांच्या डोळ्यांवर चष्मे असावेत. घणाने दुसऱ्या घणावर किंवा कडक पोलादावर कधीही मारू नये. कपच्या तेथेच उडतात. दुर्दैवाने डोळ्यात कपची गेलीच, तर डोळा चोळू नये, रुतलेला तुकडा उपटू नये, पाण्याचे फवारे मारू नयेत. डोळ्यावर दाब न पडेल असे एखाद्या भांड्याचे झाकण बांधून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बसविताना पुढच्या वर्षाचा विचार

नट निघाला म्हणजे काम संपले, असे मानणारा पुढच्या वर्षी पुन्हा घण शोधतो. आसाचे आटे ब्रशाने स्वच्छ करून नवा नट हाताने फिरवून पाहावा. तो शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. बेअरिंगमध्ये नवे ग्रीस तळहाताने दाबून भरावे, सील नवे बसवावे. ट्रॉलीचा नट आवळताना हब हाताने फिरवीत राहावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. हब जड फिरू लागला की नट मागे घेऊन तो मोकळा करावा आणि पुन्हा हातानेच टेकवावा. खाच व छिद्र जुळत नसेल तर नट किंचित सैल करून जुळवावा; आवळून जुळवू नये. कॉटर पिन दर वेळी नवी घालावी. जुनी सरळ करून वापरू नये, वाकविलेली तार पुन्हा वाकताना तुटते. झाकण घट्ट बसवावे. पाच-सात किलोमीटर चालवून हबला हात लावून पाहावा. हात ठेववत नाही इतका तो तापला असेल, तर नट जास्त आवळला गेला आहे.

मोटारीचा नट बहुधा एकदाच वापरावयाचा असतो. तो नवा घ्यावा आणि त्या नमुन्याच्या पुस्तिकेत दिलेला जोर मोजून देणाऱ्या पान्याने आवळावा. अंदाजाने आवळलेला नट पुढे बेअरिंग खातो.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, एवढे सोपस्कार करण्यापेक्षा गॅरेजला नेलेले काय वाईट? ज्याच्या गावात गॅरेज आहे आणि ज्याची गाडी तेथवर चालत जाऊ शकते, त्याने जरूर न्यावी. परंतु चाक फडातच अडले तर गॅरेज चालत येत नाही. हंगामात मेकॅनिकची वाट पाहण्यात दिवस जातो, आणि तोडलेला ऊस वाळून वजनाला कमी भरतो. दुसरे असे की, घरचे यंत्र उघडून पाहणे ही शेतकऱ्याला परकी विद्या नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. यंत्र सुटे करून जोडणाऱ्या हातांतूनच पुढे यंत्र घडविणारे हात निर्माण होतात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मोठ्या मापाचा गोटी पाना, लांब दांडा, लोखंडी घोड्या, मोजून आवळणारा पाना, एवढी सामग्री एकट्या लहान शेतकऱ्याने का घ्यावी? वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूत पैसा का गुंतवावा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सहकारात आहे. केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून 2014-15 पासून अवजारे बँकांना साहाय्य मिळू लागले. तेथे आपण ट्रॅक्टर व रोटाव्हेटर मागतो. पान्याची पेटी मागावयास आपल्याला लाज वाटते. माझी सूचना अशी आहे : प्रत्येक शेतकरी गटाने, विकास सोसायटीने किंवा अवजारे बँकेने एक सामायिक हत्यारपेटी ठेवावी. तीत 24 ते 36 मिलिमीटरपर्यंतचे सहा कोनी गोटी पाने, गावात असलेल्या वाहनांना लागणारी इंची मापे, सव्वा मीटरचा पाइप, दोन जोड्या घोड्या, चार ठोकळे, पंच, तारेचा ब्रश, नव्या कॉटर पिना आणि चार चष्मे असावेत. नेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि चष्मा घेतल्याखेरीज छिन्नी देऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, गावातील एका ट्रॉलीचे चाक सर्वांसमक्ष उघडून दाखवावे. ज्याचा हब मे महिन्यात ग्रीसने भरला आणि झाकण नीट बसले, त्याचा नट ऑक्टोबरात अडत नाही. हे प्रात्यक्षिक एका तासाचे आहे. भाषणापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

आणि पावसाळ्यानंतरच्या तपासणीसाठी आपल्या पूर्वजांनी दिवसही नेमून दिला आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण हत्यारे धुऊन पुसून पाटावर मांडतो आणि त्यांना हळद-कुंकू वाहतो. हंगाम त्यानंतर लवकरच सुरू होतो. त्या दिवशी फूल वाहण्यापूर्वी छिन्नीचे फुललेले डोके घासावे, पान्यांना तेलाचा हात फिरवावा, ट्रॉलीच्या प्रत्येक हबचे झाकण काढून पिन जागेवर आहे की नाही हे पाहावे. आमच्या घरी आता हा रिवाज पडला आहे. पिना थोरले बंधूच तपासतात. मान किंचित वळवून, उरलेल्या डोळ्याने, एक एक पिन बोटाने चाचपून ते पाहतात आणि मगच पूजा होते.